स्लाइडमध्ये फोटो-व्हिडिओ टाकताय? क्रॉप केलेला आधार नंबर पुसला जात नाही

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा असो, बचत गटाचा हिशेब असो की शेतकरी कंपनीची वार्षिक सभा, हल्ली सगळं पीपीटीवर दाखवतात. सभा संपली की तीच फाइल गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. खरी अडचण तिथून सुरू होते.

लाभार्थ्याचं आधार कार्ड किंवा पासबुक स्लाइडवर टाकतात आणि नंबरावर काळा चौकोन ठेवतात. पडद्यावर नंबर दिसत नाही, पण चौकोन ही वेगळी वस्तू आहे. फाइल ज्याच्या हातात गेली, तो चौकोन बोटाने बाजूला सरकवू शकतो. क्रॉपचंही तसंच. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग फक्त झाकला जातो, फाइलमध्ये तो तसाच असतो. पीडीएफ केली तरी चौकोनाखालचा फोटो काढणारे काढतात.

म्हणून फोटो आधी मोबाइलच्या गॅलरीत कापा, कापलेल्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच स्लाइडमध्ये टाका. आधारच लागत असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. मुळात सभेत आधार दाखवायची गरज असते का, हेही एकदा विचारावं.

फाइल आधीच तयार असेल तर कॉम्प्युटरवर फोटो निवडून पिक्चर फॉरमॅटमध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा. 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' वर टिक ठेवा, 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' वरची काढा, मग फाइल सेव्ह करा. कापलेला भाग कायमचा जातो. खाली १५० पीपीआय निवडलं तर फाइलही हलकी होते, प्रोजेक्टरला तेवढं पुरतं. मूळ फोटो मात्र वेगळे जपून ठेवा. चौकोनाखालचा नंबर या उपायाने जात नाही, तो फोटोच बदलावा लागतो.

फोटो लहान-मोठा करताना कोपऱ्याचं टिंब धरा. मधलं धरून ओढलं की गोल कांदा लांबडा दिसतो, आणि माल व्यापाऱ्याला दाखवायचा असेल तर ते बरं नव्हे.

व्हिडिओचा घोळ वेगळा. पॉवरपॉइंट २०१० पासून व्हिडिओ फाइलच्या आतच बसतो. पण टाकताना 'लिंक टू फाइल' निवडलं, तर पेनड्राइव्हवर फक्त पत्ता जातो, व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर राहतो. यूट्यूबचा व्हिडिओ असेल तर तिथे नेट लागतं. गूगल स्लाइड्समध्ये व्हिडिओ यूट्यूब किंवा ड्राइव्हवरूनच चालतो. सुरगाणा-पेठच्या डोंगरपट्ट्यात रेंजच्या भरवशावर राहू नका, व्हिडिओची फाइल पेनड्राइव्हवर वेगळीही घ्या. आणि सभेच्या आदल्या दिवशी ज्या कॉम्प्युटरवर दाखवायचं, त्यावरच आवाजासकट एकदा चालवून बघा.