वारलीचा क्लास आणि लग्नगडी

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा लागतं. एरवी साधं बाजाराचं गाव. पण पौष पौर्णिमा आली की इथे खांबलिंगेश्वराची, म्हणजे लोकांच्या तोंडी म्हसोबाची, मोठी जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, टोपल्या, विळे-कोयते, आकाशपाळणे, सगळं काही. आमचा ऑफिसातला चौघांचा कंपू या जानेवारीत तिकडे गेला होता, आणि जवळच्याच एका फार्महाऊसवर मुक्काम ठोकला होता. तिथे जेवणाच्या मेनूखालीच 'ॲक्टिव्हिटी' छापल्या होत्या: शिवारफेरी, बैलगाडी, आणि 'वारली पेंटिंग, नवशिक्यांसाठी, २ तास, चित्रकला येण्याची अट नाही'.

शेवटचं वाक्य खास माझ्यासाठीच लिहिलं होतं असं म्हणायला हरकत नाही. शाळेत माझ्या चित्रातला हत्ती बाईंनी टेबल समजून तपासला होता. म्हटलं, बसून तर बघू.

आता पहिली गंमत अशी, की म्हशाला वारली शिकायला जाणं म्हणजे कोल्हापूरला जाऊन उकडीचे मोदक शिकण्यासारखं आहे. मिळतील, चांगलेही मिळतील, पण ते तिथले नव्हेत. मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात वस्ती मोठी ती ठाकर, कातकरी आणि महादेव कोळ्यांची. या ठाकरांवर ल. ना. चापेकरांनी १९६० साली इंग्रजीत एक आख्खा ग्रंथ लिहिला आहे. वारली इकडेही आहेत, पण त्यांचा मुख्य मुलूख म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा फोडून पालघर वेगळा केला तेव्हा हे सगळे तालुके तिकडे गेले; मुरबाड-शहापूर ठाण्यात राहिले. योगायोग बघा, त्याच २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्या हापूसला मिळालं तसलं. पण पाटीवरच्या, बसथांब्यावरच्या, चहाच्या कपावरच्या त्या पांढऱ्या त्रिकोणी माणसांना कुठलीच जिल्हाहद्द लागू नाही. 'आदिवासी' म्हटलं की वारली, असं समीकरणच होऊन बसलंय.

शिकवायला आलेला मुलगा जव्हारकडचा वारली होता, माझ्याच वयाचा. शनिवार-रविवार अशा रिसॉर्टांवर क्लास घेतो. गेरूने रंगवलेले कागद, पांढरा पोस्टर कलर, बारीक ब्रश असा सरंजाम. "सर, टोकाला टोक लावायचं फक्त. वरचा त्रिकोण उलटा, खालचा सुलटा. डोकं सगळ्यात शेवटी." खरंच एवढंच. दोन त्रिकोण, एक गोळा, चार काड्या, की माणूस तयार. कंबर जिथे दोन टोकं भेटतात तिथे सगळा तोल असतो. हात-पाय जरा तिरके काढले की तो माणूस नाचायला लागतो. वीस मिनिटांत मला नाचणारा माणूस जमला, यातच या पद्धतीची ताकद आली. हत्तीच्या वाटेला मी गेलो नाही.

फार्महाऊसच्या माहितीपत्रकात '५००० वर्षे जुनी कला' असं छापलं होतं. जालावर शोधलंत तर हाच आकडा कुठे २५००, कुठे ४५०० असा बदलत जातो. माझ्यातल्या इंजिनियरला हे खटकतं. कारण ही चित्रं कुडाच्या भिंतीवर, शेणामातीच्या लिंपणावर गेरू देऊन, तांदळाच्या पिठाने काढली जात. ब्रश म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. पिठाला धरून ठेवणारं काही नाही. एक-दोन पावसाळे गेले, पुन्हा सारवण झालं, की चित्र गेलं. म्हणजे बॅकअप नाही, जुनी आवृत्ती नाही, दर वेळी त्याच फाइलवर ओव्हरराईट. अशा गोष्टीचं वय कसं मोजणार? भीमबेटकाच्या गुहेतली माणसं थोडी अशीच दिसतात हा काही पुरावा नव्हे. काडीने माणूस काढायला सांगितला तर जगातलं कुठलंही पोर तसाच काढेल. रीत जुनी आहे एवढं नक्की. आकडा मात्र माहितीपत्रकवाल्यांचा.

ही रीत मुळात सजावटीची नाहीच. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर 'चौक' काढतात. नक्षीच्या काठांचा मोठा चौकोन, आत पालघाट देवी, भोवती सूर्य, चंद्र, झाडं, शिडी, फणी. शेजारी लहान देवचौक, त्यात पंचशिऱ्या देव. आणि हा चौक काढायचा तो सवाशिणींनी, म्हणजे ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायकांनी. लग्न लावणारीही बाईच: धवलेरी. ती गाणी म्हणून देवांना बोलावते आणि लग्न लागतं. तारपा नाच, शेती, शिकार हे सगळं चौकाच्या भोवतीचं. गाभा म्हणजे हा चौक. यशोधरा दालमियांचं १९८८ सालचं 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' हे पुस्तक ज्यांना मिळेल त्यांनी जरूर चाळावं, त्यात या चौकावर भरपूर आहे.

मग ही बायकांची, घरातली, लग्नापुरती गोष्ट कागदावर कशी आली? तर त्यामागे एक सरकारी योजना आहे (सरकारी योजनेतून काही चांगलं निघाल्याची उदाहरणं मी जमवत असतो, त्यातलं हे एक). १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवलं. बायका भिंतीवर काढतात तीच चित्रं त्यांनी कागदावर काढावी, ती विकून चार पैसे मिळावे, अशी कल्पना. मधुबनी आज घराघरात पोचली ती तिथून. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन आले.

इथे मात्र गोष्टीने वेगळं वळण घेतलं. मिथिलेत कागद बायकांनी हातात घेतला. डहाणूत सर्वात ठळकपणे पुढे आला तो एक पुरुष, जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४. लहानपणी आई गेली आणि पोरगं बोलायचंच बंद झालं. धुळीत बोटाने चित्रं काढून लोकांशी बोलायचं. चौकाचे नियम बायकांसाठी होते. या माणसाला मोकळा कागद मिळाला आणि त्याने त्यावर मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळं, अख्खी शेतं भरून टाकली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, मधल्या काळात पॅरिस, आणि २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर जोडीने प्रदर्शन. २०१८ साली ते गेले. म्हणजे आपण ज्याला 'वारली पेंटिंग' म्हणतो ते जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचं आहे. रीत जुनी, प्रकार नवा. आणि बाईच्या हातातली गोष्ट विकायला लागली की ती पुरुषाची होते, हा नियम इथेही बऱ्यापैकी लागू पडलेला दिसतो. स्वयंपाक आणि शेफ यांचं जे होतं तेच.

आमच्या मास्तरांना मी हे विचारलं. तो म्हणाला, "माझी आजी अजून चौक काढायला जाते लग्नात. मला कोण बोलवणार? मी क्लास घेतो." हसला. मग सहज विचारलं, आता लग्नाला खर्च किती येतो? त्यावर तो जे बोलला ते मी तेव्हा हातातल्या गेरूच्या कागदामागेच टिपून ठेवलं: "आता येतो तो येतो. पण आमच्या आजाचा बाप लग्नगडी होता."

लग्नगडी. शब्द सोपा आहे आणि ऐकायला जवळजवळ गोड. मी आधी नवरदेवाचा सोबती वगैरे समजून पुढे विचारत राहिलो, तेव्हा त्याने शांतपणे फोड केली. लग्नासाठी सावकाराकडून शंभर-दोनशे रुपये घ्यायचे, आणि ते फिटेपर्यंत नवऱ्याने सावकाराच्या घरी-शेतावर राबायचं. बरोबर बायकोनेही. मजुरी म्हणजे जेमतेम पोटाला. हिशोब सावकाराच्या वहीत, आणि वाचता त्यालाच येणार. त्यामुळे कर्ज फिटत नाही. माणूस संपतो, कर्ज उरतं, ते पोराच्या नावावर जातं. बायकांवर जे अत्याचार होत ते वेगळेच.

माझ्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज आहे, वीस वर्षांचं. वैतागतो मी त्याच्यावर. पण त्याचा शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात आहे ते मला आज माहीत आहे, आणि बँकवाला माझ्या बायकोला घरकामाला बोलवत नाही.

घरी आल्यावर गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' काढून बसलो. १९७० सालचं पुस्तक, १९७२ साली साहित्य अकादमी मिळालेलं. आपल्याकडे हे पुस्तक बहुतेकांना स्पर्धा परीक्षेतल्या 'जोड्या लावा' पुरतं माहीत असतं. ते तसं ठेवू नका, एवढीच विनंती. या लग्नगड्यांबद्दल इंग्रज सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. तिसाच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर अहवाल दिला होता, त्यात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. अहवाल आला, फायलीत गेला.

बदल घडायला सुरुवात झाली तिटवाळ्यापासून. हो, तेच आपलं गणपतीचं तिटवाळा. जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेचं अधिवेशन झालं आणि त्याला उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले. शामराव आणि गोदावरी परुळेकर पुढे त्यांच्या मुलखात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो आदिवासींची परिषद भरली आणि ठरलं, की वेठबिगार करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. नुसता ठराव करून लोक थांबले नाहीत. कार्यकर्ते गावोगाव फिरले, सावकारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सांगितलं, चल, तू मोकळा आहेस. जी पद्धत पिढ्यानपिढ्या चालली ती उंबरगाव-डहाणूत काही आठवड्यांत कोसळली. ना कायदा, ना कोर्ट. लोकांनी नाही म्हटलं, बस्स.

किंमत मोजावी लागलीच. गोदाराणीवर हल्ला होणार आहे अशी अफवा पसरवली गेली आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला आदिवासींचा मोठा जमाव गोळा झाला. त्यावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड. पुढच्या वर्षी प्रांतात आपलं काँग्रेसचं सरकार आलं, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले, आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्यात यायला बंदी झाली. हाही इतिहासच.

आता हे दोन धागे शेजारी ठेवून बघा. लग्नाशिवाय चौक नाही. चौक म्हणजे घरात सुफळतेची देवी आली, संसार सुरू झाला. आणि त्याच लग्नाच्या खर्चापोटी तो संसार सावकाराच्या दारात गहाण. १९४५ च्या आधी ज्या सवाशिणींनी सुनेसाठी पालघाट काढली, त्यांतल्या कितीजणींना ठाऊक असेल की पीठ वाळायच्या आत ही पोरगी वाड्यावर कामाला जाणार आहे. क्लासमध्ये आम्हाला कॉपी करायला दिलेल्या नमुन्यांत तारपा होता, विहीर होती, ताडी काढणारा होता, मोर होता. सावकार नव्हता. अर्थात देवीच्या चौकात सावकाराला कोण बसवेल? ते बरोबरच आहे. पण रिसॉर्टवर दोन तासांत हे 'निसर्गाशी एकरूप आनंदी जीवन' म्हणून शिकवलं जातं तेव्हा सावकार दुसऱ्यांदा पुसला जातो, आणि या वेळी पुसणारे आपण असतो. हल्ली नव्या वारली चित्रकारांच्या कामात रेल्वे, धरणं, कारखाने दिसतात. त्याला 'अस्सल नाही' म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मला तर तेच जास्त खरं वाटतं.

आणखी एक तारीख सांगतो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा देशात आला तो १९७६ साली. जिव्या म्हसेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेच वर्ष.

कायद्याने ते बंद झालं. पण मुरबाड-शहापूर-भिवंडीकडे कातकरी पाड्यांवर विचारून बघा, 'उचल' हा शब्द ऐकायला मिळेल. वीटभट्टीवाल्याकडून आगाऊ पैसे घ्यायचे, लग्न-आजारपण भागवायचं, आणि दिवाळीनंतर बायकापोरांसकट भट्टीवर जायचं, ते पावसाच्या तोंडावर परत. हिशोब अजूनही मालकाच्या वहीत. वेठबिगारीचे गुन्हे ठाणे जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांतही नोंदले गेले आहेत. म्हशाची जत्रा पौषात भरते, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. आम्ही रात्री आकाशपाळण्यात बसलो होतो तेव्हा आजूबाजूच्या पाड्यांवरची कितीतरी घरं कुलूप लावून गेलेली होती.