पेठचा उठाव (1857) : बळींची व्याख्या व गणना

नाशिक जिल्ह्यातील पेठ संस्थानात डिसेंबर 1857 मध्ये कोळी व भिल्ल जमातींनी कंपनी सरकारविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. हरसूलचा बाजार लुटला गेल्यावर फौजेने बंदोबस्त केला व उठावाचे पुढारी मानले गेलेले भगवंतराव नीळकंठराव यांस फाशी देण्यात आली (→ अठराशे सत्तावनचा उठाव). 1883 च्या नाशिक गॅझेटिअरात हा वृत्तांत राज्यकर्त्यांच्या दृष्टीने येतो व उत्तरकालीन मराठी लेखनात भगवंतराव हुतात्मा ठरतात. परंतु ज्यांवर खटला चालला त्यांचीच नोंद दप्तरात उरते आणि चकमकीत वा परागंदा अवस्थेत मेलेल्यांस सदरच नसते, ही बळींच्या गणनेतील खेदजनक उणीव होय. बळींच्या व्याख्येबाबत पाहता, अंतर्गत संघर्षातील निःशस्त्रांच्या हत्येस मनाई करणारे कलम 1949 च्या करारांत (→ जिनीव्हा करार) प्रथम आले; त्यास पूर्वलक्षी प्रभाव नसल्याने ते या उठावास लागू होत नाही.