दुसऱ्या डिस्कवर कार्यप्रणाली बसवल्यानंतर संगणक सुरू न झाल्यास

संगणकात दुसरी हार्डडिस्क जोडून तिच्यावर लिनक्ससारखी नवी कार्यप्रणाली बसवल्यानंतर पूर्वीची विंडोज सुरूच होत नाही, अशी अडचण अनेकदा उद्भवते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आल्यामुळे जुन्या संगणकांसाठी लिनक्सचा पर्याय विचारात घेतला जात आहे. अशा प्रसंगी जुनी माहिती बहुधा नष्ट झालेली नसते. कार्यप्रणाली सुरू करण्याची वाट तेवढी संगणकाला सापडत नसते. घाईने डिस्क फॉरमॅट केल्यास मात्र शाबूत असलेली माहितीही गमावण्याची वेळ येते.

बटण दाबताच मदरबोर्डवरील फर्मवेअर बूटलोडरचा शोध घेते. जुन्या बायोस पद्धतीत ते निवडलेल्या डिस्कचा ५१२ बाइटचा पहिला सेक्टर, म्हणजेच मास्टर बूट रेकॉर्ड, वाचते. यूईएफआय पद्धतीत बूटलोडर डिस्कवरील एका लहान स्वतंत्र पार्टिशनमध्ये असतो व त्याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत ठेवली जाते. कार्यप्रणाली दुसऱ्या डिस्कवर बसवली, तरी बूटलोडर पहिल्या डिस्कवर लिहिला जाण्याची शक्यता असते. पुढे पहिली डिस्क काढल्यास दुसरीवरील कार्यप्रणालीही सुरू होत नाही.

दुरुस्तीपूर्वी दोन्ही डिस्क फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये दिसतात का, हे पाहावे. न दिसल्यास केबल तपासावी. दिसत असल्यास संगणक सुरू होताना एफ१२, एफ११ किंवा एस्केप यांपैकी उत्पादकाने ठरवलेली कळ दाबून बूट मेन्यू उघडावा व प्रत्येक डिस्क निवडून पाहावी. एखादीवरून संगणक सुरू झाल्यास बूटचा क्रम बदलणे पुरेसे ठरते.

एक कार्यप्रणाली बायोस पद्धतीने व दुसरी यूईएफआय पद्धतीने बसवली असल्यास दोन्ही एकाच मेन्यूतून सुरू होत नाहीत. ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये विंडोजचे नाव नसेल, तर त्याचे कारण निराळे असू शकते. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून अन्य कार्यप्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आला आहे. तो सुरू करून मेन्यू पुन्हा तयार करावा लागतो. 'ग्रब रेस्क्यू' हे शब्द दिसल्यास ग्रबचा आरंभीचा भाग सापडला, परंतु उर्वरित फायली असलेले पार्टिशन सापडले नाही, असा अर्थ होतो. त्या वेळी लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून ग्रब पुन्हा बसवावा. विंडोजसाठी तिच्या इन्स्टॉलेशन यूएसबीवरील 'स्टार्टअप रिपेअर'ची सुविधा वापरावी.

बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कबाबत विशेष दक्षता आवश्यक असते. बूटच्या सेटिंगमध्ये बदल होताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती उपलब्ध नसल्यास डिस्कवरील माहिती उघडता येत नाही. म्हणून बदल करण्यापूर्वीच ती की कागदावर उतरवून घ्यावी आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी.

दुसऱ्या डिस्कवर कार्यप्रणाली बसवण्यापूर्वी संगणक बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढून ठेवल्यास नवा बूटलोडर दुसऱ्याच डिस्कवर लिहिला जातो. त्यानंतर केबल पुन्हा जोडून हवी ती कार्यप्रणाली बूट मेन्यूतून निवडता येते.