वऱ्हाडातील व्यसनमुक्ती : प्रबोधन, कायदा आणि उपचार

प्रस्तावना

अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या सामाजिक इतिहासात दारूचा प्रश्न नवा नाही. त्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र काळानुसार बदलत गेली. मद्यपान हे कधी पाप, कधी गुन्हा, तर कधी आजार मानले गेले. पहिल्या दृष्टीने व्यसनी माणसाची जबाबदारी समाजावर टाकली, दुसरीने शासनावर आणि तिसरीने वैद्यकावर. व्यसनमुक्तीचा उपचार समजून घ्यावयाचा असेल, तर या तिन्ही दृष्टींनी काय साधले आणि काय राहून गेले, हे तपासणे अगत्याचे ठरते.

संतांचे लोकप्रबोधन

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांना दारूचे दुष्परिणाम घरातच भोगावे लागले. वडील झिंगराजी व्यसनापायी अकाली गेले आणि बालपणीचा डेबू मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे आजोळी वाढला. पुढे मुलीच्या बारशाला दारू व मांसाहार देण्याचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. या कृतीचे महत्त्व केवळ नैतिक नाही. पिणाऱ्याला दोष देत न बसता, ज्या रूढीमुळे पिणे आणि पाजणे भाग पडते त्या रूढीवरच त्यांनी घाव घातला. १९०५ मध्ये गृहत्याग केल्यानंतर त्यांच्या कीर्तनांनी हाच विचार गावोगावी नेला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) या प्रबोधनास संघटनेची जोड दिली. मोझरी येथे १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सायंकाळची सामुदायिक प्रार्थना रूढ झाली. दारू सोडलेल्या माणसास सर्वांत कठीण जाते ती सायंकाळच. त्या वेळी बसावयास जागा आणि सोबतीस माणसे मिळणे हा एक प्रकारचा आधारच होता. त्याच वर्षी अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची स्थापना झाली. दोन्हींचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु माणूस एकट्याच्या निर्धारावर नव्हे, तर समूहाच्या सोबतीने सावरतो, हे सूत्र दोन्हींत आढळते.

कायद्याचा मार्ग

१९३८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा झाला. राज्यपुनर्रचनेनंतर वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथे लागू झाला. साठच्या दशकात महाराष्ट्राने हे धोरण शिथिल केले. कायद्याने दारूच्या उपलब्धतेवर नियंत्रण आणले. तथापि ज्यास दारूवाचून राहणे शक्य नाही, त्याचे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्यापाशी नव्हते. परवाना आणि शिक्षा यांच्या चौकटीत रुग्ण बसत नव्हता.

उपचाराचा टप्पा

व्यसन हा आजार आहे, हा विचार महाराष्ट्रात ठळकपणे रुजला तो ऐंशीच्या दशकात. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. वऱ्हाडात शासकीय मनोरुग्णालय नव्हते. जवळचे नागपूरला होते. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले.

उपचाराने एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली. दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास कंप, झटके व भ्रम उद्भवू शकतात. पहिले काही दिवस प्रसंगी प्राणघातक ठरतात. औषधे, जीवनसत्त्वे व देखरेख यांनी हा काळ सुरक्षितपणे पार पडतो. तुळशीमाळ घालून वा देवापुढे शपथ घेऊन दारू सोडणारा माणूस दोन दिवसांत पुन्हा प्यायला, की गाव त्यास वचनभ्रष्ट ठरवीत असे. त्यांतील कितीतरी माणसे वस्तुतः आजारी होती. पापाच्या भाषेने त्यांच्यावर केलेला हा अन्याय नजरेआड करता येत नाही.

परंतु वैद्यकही अपुरे आहे. केंद्रातून महिनाभराने परतणारा माणूस त्याच पारावर, त्याच मित्रांत आणि पोळ्याच्या करीच्या त्याच आग्रहात येऊन पडतो. शिवाय केंद्रापर्यंत पोहोचणारेच अत्यल्प. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कोणताही उपचार मिळाल्याचे दिसते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले ते दर १८० मागे एकीला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वऱ्हाडाच्या प्रबोधनपरंपरेपाशी सोडल्यानंतरची सोबत होती, पण सोडतानाचा उपचार नव्हता. आधुनिक वैद्यकापाशी सोडतानाचा उपचार आहे, पण गावातील सोबत नाही. व्यसनमुक्तीचे अपयश बहुधा या दोहोंमधील अंतरात दडलेले आहे. प्रार्थनेस बसणाऱ्या मंडळींनी रुग्णास आधी दवाखान्यात पोहोचवावे आणि दवाखान्याने त्यास घरी पाठविताना त्या मंडळींच्या हाती सोपवावे, अशी सांगड घातली गेली, तर ज्या भूमीत गाडगेबाबांनी बारशाच्या पंगतीतून दारू हद्दपार केली, तेथे ही परंपरा केवळ गौरवाचा विषय न राहता उपचाराचे अंग बनू शकेल.