जुनी चांदीची भांडी : पारख आणि परंपरा

चांदी हा धातू जितका शुभ्र तितकाच मऊ. त्यात थोडे तांबे मिसळल्यावाचून टिकाऊ भांडे घडत नाही. मात्र ते किती मिसळले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ठाणावरील गिरणीचा छाप पाहून ग्राहक निश्चिंत होतो, तशी निश्चिंती चांदीच्या खरेदीत यावी म्हणून इंग्लंडमध्ये ठशांची पद्धत निर्माण झाली. तिला सात शतकांचा इतिहास आहे.

इ. स. १३०० मध्ये राजा पहिला एडवर्ड याने हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी हे प्रमाण कायद्याने ठरविले व कसास उतरलेल्या भांड्यावर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारण्याची आज्ञा केली. १३६३ मध्ये कारागिराची स्वतःची निशाणी सक्तीची झाली. १४७८ पासून लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहात, म्हणजे ‘हॉल’मध्ये, वर्षदर्शक अक्षर उमटविले जाऊ लागले, ‘हॉलमार्क’ हा शब्द तेथूनच रूढ झाला. १५४४ मध्ये चालत्या सिंहाचा ठसा आला. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम व शेफिल्ड येथेही कस पाहण्याची कार्यालये निघाली. बर्मिंगहॅमची खूण नांगर, तर शेफिल्डची त्या काळी मुकुट होती. त्यामुळे एखादी जुनी चहादाणी कोणी, कोठे व कोणत्या वर्षी घडविली, हे आजही सांगता येते.

जेथे नियम, तेथे पळवाटही. १७२० मध्ये भांड्यांवर औंसामागे सहा पेन्स कर बसला. तेव्हा काही कारागीर लहानशा वस्तूवर ठसे मारून घेत आणि तो तुकडा कापून मोठ्या भांड्यात जोडीत. जाणकार अशा जागी फुंकर घालून पाहतात. श्वासाच्या वाफेत जोडाची रेघ उमटते. अनेक जुन्या भांड्यांच्या तळाशी मूळ वजन कोरलेले असते. आजचे वजन त्याहून बरेच निराळे भरले, तर काही कापले वा जोडले गेल्याचा संशय घ्यावा. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे अशा मुलाम्याच्या भांड्यांची होत; त्यांत चांदी केवळ वरच्या थरापुरतीच असते.

आपल्या देशात मात्र अशी सरकारी व्यवस्था नव्हती. भारतीय मानक ब्युरोची चांदीसाठीची हॉलमार्क योजना २००५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या भांड्यांची पारख कस, वजन व घडण यांवरूनच करावी लागते. एकोणिसाव्या शतकात कच्छ, मद्रास, लखनौ, काश्मीर आणि आपले पुणे येथील चांदीकाम नावाजलेले होते. भूजचे उमरसी मावजी यांच्या वेलबुट्टीदार भांड्यांवर ‘ओ. एम.’ व ‘भूज’ ही रोमन अक्षरे आढळतात. आज जगभरचे संग्राहक ती शोधत असतात.

दुर्दैवाने अनेक घरांतील जुनी ताटे, पानदाने व गुलाबदाण्या मोडीत जातात. मोडीत फक्त वजनाचा भाव मिळतो. घडण, वय आणि कारागिराचे नाव मुशीत नाहीसे होते. म्हणून भांडे आटविण्यापूर्वी त्याचा तळ भिंगाने पाहावा, वजनाची नोंद करावी, छायाचित्र काढावे आणि जाणकाराचे मत घ्यावे. अति घासण्याने ठसे झिजतात, याचेही भान ठेवावे. चांदी पुन्हा विकत घेता येते; पूर्वजांच्या हातची वस्तू मात्र एकदा वितळली की कोणत्याही भावाने परत मिळत नाही.