किर्लोस्कर खबर
किर्लोस्कर खबर हे किर्लोस्करवाडी (सांगली जिल्हा) येथील किर्लोस्कर कारखान्याने १९२० साली सुरू केलेले मराठी नियतकालिक होय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी (१८६९–१९५६) लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी ते घेईनात. पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. अशा मालाला कोरडी जाहिरात पुरणारी नव्हती. ‘खबर’चे संपादक, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव (शं. वा.) किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. मालाची माहिती ज्या हौसेने द्यायची, त्याच हौसेने त्यांनी उद्योगधंदे, स्वावलंबन व समाजसुधारणा यांवरील मजकूर दिला. त्यामुळे कारखान्याचे हे पत्र नांगराशी संबंध नसलेल्या घरांतही वाचले जाऊ लागले. पुढे नावातील ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ उरले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही याच संस्थेची नंतरची मासिके.