सॉकेट आणि वजनकाटा

जुन्या गॅझेटियरात पनवेलची ओळख बैलगाडीच्या चाकांसाठी आहे. आमच्या घरचाही तोच धंदा. आजोबा तापलेली धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चाकावर चढवून वर पाणी ओतत, ती आवळून बसे. उन्हाळ्यात लाकूड आटलं की धाव ढिली पडे आणि गाडीवाला पुन्हा दारात येई. मी पुढे कृत्रिम पायांची सॉकेटं, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या खोबण्या, घडवली, तिथेही तेच. स्टम्प, म्हणजे पायाचा उरलेला भाग, पहिल्या काही महिन्यांत आटतो, सॉकेट ढिलं होतं, मोजे चढवावे लागतात.

पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 साली निघालं, मुंबईत हाजीअलीची पुनर्वसन संस्था 1955 साली. 1968च्या सुमारास जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं पाऊल घडवलं. मांडी घालून बसणारा, अनवाणी शेतात उतरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्यावरची नळी आधी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, नंतर पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची झाली. मोठंच काम ते.

पण पाय मिळाला, माणूस उभा राहिला, की आपल्याकडे नोंदवही मिटते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांचा तीस वर्षं माग काढला गेला. 1980 साली निष्कर्ष छापून आला: दोन्ही पाय मांडीतून गेलेल्यांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण बरंच जास्त.

कारणं मी रोज बघत होतो. गुडघ्यावरून पाय गेलेल्याला चालताना दीडपट, कधी त्याहून जास्त ताकद लागते. मग तो चालणं कमी करतो. बसून वजन वाढतं, चार-पाच किलो चढले की सॉकेट काचतं, जखम होते, आणि पाय कोपऱ्यात उभा राहतो. वजन आणखी वाढतं.

वजनकाटाही फसवतो. गुडघ्याखालचा भाग शरीराच्या साधारण 6 टक्के. 165 सेंटिमीटर उंचीचा माणूस काट्यावर 65 किलो भरला, तर गेलेला पाय धरून तो 69 किलोंचा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 24 नाही, 25च्या पुढे. म्हणजे भारतीयांसाठीची लठ्ठपणाची रेषा त्यानं ओलांडलेली असते. काटा बघून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याला हे कळतच नाही.

पनवेल परिसरात पाय वाटपाची शिबिरं घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्याच माणसांना पुढच्या वर्षी परत बोलवा. सॉकेट तपासा, आणि सोबत वजन, रक्तदाब, साखरही मोजा.